जुन्या लष्करी स्नो ब्लोअरचं हेड दुरुस्तीला आलंय : ऑगर, रोटर, शिअर बोल्टबद्दल माहिती हवी

कुपवाड_फॅब

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. साखर कारखान्यांचे बगॅस (उसाचं चिपाड) कन्व्हेअर, स्क्रू कन्व्हेअर, एलिव्हेटर ही रोजची कामं. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आता वेगळंच काम आणून टाकलंय : रनवेवरचा बर्फ उडवणाऱ्या लष्करी ट्रकचं पुढचं हेड. ट्रक त्यांच्याकडेच आहे. आमच्याकडे हेड आणि दोन कार्डन शाफ्ट आलेत. नेमप्लेट गायब, गिअरबॉक्सच्या कास्टिंगवर रशियन अक्षरं. ड्रॉइंग वगैरे काही नाही.

रुंदी साधारण अडीच मीटर. एकावर एक असे दोन आडवे ऑगर (बर्फ कापून ओढणारे स्क्रू), दोन्ही रिबन टाइप : पातं मधल्या पाइपपासून सुटं, आऱ्यांवर धरलेलं. मध्यापासून एका बाजूला डावा फ्लाइट (पीळदार पातं), दुसऱ्या बाजूला उजवा. मागे बर्फ फेकणारा एक रोटर, व्यास अंदाजे १ मीटर, शाफ्टसकट वजन काट्यावर १८० किलो. ऑगरची पाती मुळात ८ मिमी असावीत, बाहेरच्या कडेला ३ मिमीवर आलीत. रोटरच्या एका पात्याला कुणीतरी पट्टी वेल्ड केलीय. ऑगरच्या फ्लँजमध्ये शिअर बोल्ट (ऑगर अडकला की आधी तुटणारे) असायला हवेत तिथे १०.९ ग्रेडचे काळे बोल्ट ठोकलेत.

फ्लाइटचं डेव्हलपमेंट काढणं, ब्लँक कापणं, ओढणं हे आम्हाला नवीन नाही. विचारायचं ते हे : रिबनच्या जागी सरळ पूर्ण फ्लाइट लावले तर चालतील का, कारण त्याचं टूलिंग तयार आहे? रोटरचं बॅलन्सिंग कितपत लागेल? शिअर बोल्ट कोणता? आणि गाडीत हेडसाठी वेगळं इंजिन आहे असं गिऱ्हाईक सांगतंय, ते खरं का?

आपशिंगेकर

वर्णनावरून हे सोव्हिएत डी-४७० च्या घराण्यातलं दिसतंय. डी-४७० झिल-१५७ च्या चासीवर यायचं, पुढची डीई-२१० झिल-१३१ वर. दोन्हींत वेगळं इंजिन असतं, गिऱ्हाईक बरोबर सांगतंय. केबिनच्या मागे लोखंडी पेटीत यू२डी६ नावाचं डिझेल, १५० एचपी, १५०० आरपीएम. टी-५५ किंवा टी-७२ वर काम केलेल्या माणसाला ते बघताक्षणी ओळखीचं वाटेल. रणगाड्याचं व्ही-१२ इंजिन ज्या घराण्यातलं, त्याचाच हा अर्धा भाग आहे : एका रांगेत सहा सिलिंडर, बोअर १५० मिमी, स्ट्रोक १८० मिमी. ताकद त्या पेटीतून कार्डन शाफ्टने पुढे हेडपर्यंत येते. तुमच्याकडचे दोन शाफ्ट त्यातलेच असणार.

शाफ्ट उघडण्याआधी स्लिप जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पंचने खूण करून ठेवा. दोन्ही टोकांचे योक एकाच प्रतलात बसले पाहिजेत. एक दात जरी इकडेतिकडे झाला तरी शाफ्ट थरथरतो, आणि मग लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात. आजार म्हशीला, औषध पखालीला.

कोयना_डिझेल

वेगळं इंजिन का, याचा हिशेब सोपा आहे. बर्फ २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने उडवायचा तर दर किलोला साधारण ३१० ज्यूल लागतात. तासाला १००० टन म्हणजे सेकंदाला २७८ किलो. गुणाकार केला की नुसती फेकण्याची ताकद ८७ किलोवॅट, म्हणजे ११६ एचपीच्या आसपास. घर्षण, ऑगरची ओढ, चुटमधला (बर्फ बाहेर सोडणाऱ्या नळीतला) तोटा धरला की दीडपटीच्या वर जातं. म्हणजे १५० एचपीच्या हेडकडून तासाला १००० टनांची अपेक्षा करू नका, त्याहून बरंच कमी निघेल.

दुसरी गोष्ट वेगाची. दाट ढिगात शिरताना गाडी ताशी एक-दोन किलोमीटरने सरपटते, पण रोटरचे फेरे तेव्हाही पूर्णच लागतात. एकाच इंजिनावर दोन्ही चालवायचं तर क्रीपर गिअर (गाडी अगदी हळू चालवणारा) किंवा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावरचा) ड्राइव्ह हवा. युनिमॉग या जर्मन ट्रकवर बसवलेल्या ब्लोअरना ते जमलं. पन्नास-साठच्या दशकातल्या झिलमध्ये दोन इंजिनं हाच शहाणपणाचा मार्ग होता. अमेरिकनही मोठ्या गाड्यांत तेच करायचे.

लेहसारख्या ठिकाणी यात आणखी एक भर पडते. टर्बो नसलेलं डिझेल दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावतं. लेहचा विमानतळ ३२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे १५० एचपीचे तिथे १०५ च्या आसपास उरतात. अर्थात लेह पर्जन्यछायेत असल्याने बर्फ तसा कमीच पडतो. खरा भार काश्मीर खोऱ्यात असतो.

स्क्रू_पीच

कुपवाडकर दादा, पूर्ण फ्लाइट लावू नका. टूलिंग तयार असलं तरी नको.

आपला स्क्रू कन्व्हेअर यू ट्रफमध्ये चालतो. माल खाली असतो, ट्रफ अर्ध्याहून कमी भरलेला असतो आणि माल अक्षाच्या दिशेने एका टोकाला जातो. बर्फाचा ऑगर समोरून उघडा. त्याला एकाच वेळी तीन कामं करायची असतात : थर कापायचा, दोन्ही बाजूंनी मध्यावर आणायचा आणि मध्यावर आला की मागे रोटरच्या तोंडात द्यायचा. पूर्ण फ्लाइट लावला की पातं आणि पाइप यांच्या कोपऱ्यात बर्फ दाबला जातो, चिकटतो, गोठतो. थोड्या वेळात फ्लाइट भरून गुळगुळीत रूळ तयार होतो. तो फिरतो, पण ओढत काही नाही. रिबनमध्ये आतल्या बाजूला मोकळी जागा असते, तिथून बर्फ मागे सुटतो.

मध्यभाग नीट बघा. डावा आणि उजवा फ्लाइट जिथे भेटतात तिथे मुळात सपाट पॅडल असतील किंवा त्यांचे तुटलेले खुंट सापडतील. दोन्ही फ्लाइट एकमेकांना भिडवून टाकलेत तर मध्यावर बर्फ पिळला जाईल आणि पाइप वाकेल. तिथे पॅडलच हवेत, रोटरच्या तोंडाच्या रुंदीइतके.

पीच (पात्याच्या दोन वेढ्यांतलं अंतर) बदलू नका, जुन्या पात्यावरूनच मोजा. ऑगरने जितकं आणायचं त्यापेक्षा रोटरची उचल जास्त असली पाहिजे. पीच वाढवून जास्त माल आणायला गेलात तर रोटरच्या तोंडाशी गच्च बसतो. बंद पडणाऱ्या बहुतेक ब्लोअरचं दुखणं चुटमध्ये नसून इथे असतं.

८ चे ३ मिमी झालेत म्हणजे ते पातं बदलायचंच. त्यावर हार्डफेसिंगचा (टणक वेल्डचा) थर चढवू नका, पातळ पातं चिप्ससारखं वळतं. नवीन ८ मिमी पातं, आणि बाहेरच्या कडेला ४०० ब्रिनेल कडकपणाच्या वेअर प्लेटची पट्टी, तुकड्यातुकड्यात. सलग पट्टी टाकली तर वेल्डच्या ओढीने पीच बिघडतो. कडेला मूळचे दाते असतील तर तेही ठेवा, वरचा टणक थर फोडायला तेच लागतात.

प्लेट कोणती, हे गाडी कुठे चालणार यावर आहे. सांगलीतच उभी राहणार असेल तर आपली नेहमीची आयएस २०६२ ई २५० ए चालून जाईल. हिमाचलात नेणार असतील तर त्याच आयएस २०६२ मधली सी क्वालिटी मागा. तिची इम्पॅक्ट टेस्ट उणे २० अंशाला होते, ए मध्ये ती हमी नसते. थंडीत साधं पोलाद काचेसारखं तडकतं, आणि सुरुवात नेहमी वेल्डच्या अंडरकटपासून होते. इलेक्ट्रोड ई ७०१८, वापरण्याआधी ओव्हनमध्ये ३००-३५० अंशाला तासभर भाजलेला. आऱ्या आणि पाइपच्या जोडाला वेल्ड गोल फिरवून बंद करा, टोक उघडं सोडू नका.

मिरज_बॅलन्सिंग

रोटरचं काम आधी, बॅलन्सिंग नंतर. ती चिकटवलेली पट्टी ग्राइंड करून काढा, पात्याला डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून बघा. तडा मुळापर्यंत गेला असेल तर ते पातं आणि त्याच्या समोरचं अशी जोडी बदला. समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात १०-१५ ग्रॅमहून जास्त फरक ठेवू नका, म्हणजे पुढचं काम हलकं होतं.

आरपीएम आधी ठरवा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत इनपुटचे किती फेरे होतात ते मोजा. इंजिन १५०० चं आहे. तीन लागले तर रोटर ५०० वर फिरणार. १ मीटर व्यासाला ५०० म्हणजे टोकाचा वेग २६ मीटर प्रतिसेकंद, अशा रोटरला शोभणारा आकडा आहे.

बॅलन्सिंगचा जी ६.३ ग्रेड पुरे, पंख्यांना आपण तोच देतो. ५०० आरपीएमला दर किलोमागे १२० ग्रॅम-मिलिमीटर परवानगी. १८० किलोला २१,६०० च्या आसपास. ४५० मिमी त्रिज्येवर वजन लावणार असाल तर एकूण ४८ ग्रॅम, दोन प्लेनमध्ये वाटले तर प्रत्येकी २४. याहून बारीक करण्यात अर्थ नाही. पहिल्याच खेपेत एका पात्यावर मूठभर बर्फ चिकटला की तो हिशेब कोलमडतो. पण अर्धा किलो फरक तसाच सोडला तर प्रत्येक फेऱ्याला सहाशे न्यूटनचा हिसका बसतो, आणि तो पुढच्या बेअरिंगला खातो.

केसिंग आणि पात्याच्या टोकातली फट ३ ते ५ मिमी ठेवा. फट वाढली की बर्फ चुटमधून बाहेर जायच्याऐवजी परत फिरून येतो आणि फेक आखूड होते. केसिंग गोल आहे का ते आधी तपासा. जुन्या हेडना पुढून धडक बसलेली असते, केसिंग अंडाकृती झालेलं असतं. मग एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ९ मिमी असा प्रकार होतो. त्याला रोटरचं टोक घासणं हा उपाय नाही.

आपशिंगेकर

शिअर बोल्टचं राहिलंच. १०.९ ग्रेडचे बोल्ट आधी काढून फेका. दगडावर किंवा गोठलेल्या ढेकळावर ऑगर अडकला की काहीतरी तुटणारच, ते सगळ्यात स्वस्त असलेलं तुटावं यासाठी शिअर बोल्ट असतो. १०.९ लावला की तुटतो तो बेव्हल गिअरचा दात.

हिशेब असा करा. १० मिमीचा ४.६ ग्रेडचा बोल्ट शँकवर (थ्रेड नसलेल्या भागावर) साधारण १९ किलोन्यूटनला तुटतो. फ्लँजवर त्याचं अंतर केंद्रापासून ६० मिमी असेल तर टॉर्क निघतो ११०० न्यूटन-मीटरच्या वर. त्याच जागी ८.८ लावलात तर दुप्पट, १०.९ ला अडीचपट. तुमच्या फ्लँजवर अंतर किती आणि बोल्ट किती हे मोजा, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट किती सोसेल त्याच्या निम्म्यावर बोल्ट तुटेल असं गणित बसवा.

दोन बारीक गोष्टी. शिअरच्या रेषेवर शँक आला पाहिजे. थ्रेड आला तर ताकद पाऊणपट होते आणि बोल्ट कारण नसताना तुटत राहतात. मग वैतागून कुणीतरी वरच्या ग्रेडचा लावतो, तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. दुसरं, भोकांत कडक केलेले बुश बसवा. बुश नसले की भोक लांबट होतं, बोल्ट तुटायच्या ऐवजी वाकतो आणि काढताना अर्धा तास जातो. रनवेवर अर्धा तास म्हणजे विमानं वर घिरट्या घालत असतात.

कुपवाड_फॅब

फार उपयोगी माहिती, आभारी आहे. इनपुटचे तीन फेरे बरोबर निघाले. मध्यावर पॅडलचे खुंटही सापडले, चार आहेत. केसिंग खालच्या बाजूला ७ मिमी आत आलंय.

आता नवीन भानगड. गिऱ्हाइकाला सांगलीत प्रदर्शनात हेड चालवून दाखवायचंय. म्हणे काहीतरी उडालं पाहिजे, नुसतं फिरवून लोकांना मजा येत नाही. मिरजेच्या बर्फ कारखान्यातून लाद्या आणून फोडून टाकू असा त्यांचा बेत आहे. नाहीतर थर्माकोलचे गोळे. काय सांगू त्यांना?

रनवे_स्वीप

लाद्यांचा बर्फ अजिबात नको. ताज्या पडलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असतं, बसलेल्याचं २००-३००, वाऱ्याने दाबलेल्याचं ४०० पर्यंत. लादी फोडून केलेला चुरा ५५० च्या पुढे जातो, शिवाय कोपरे असलेले टणक तुकडे. हेडच्या दृष्टीने ती खडी आहे. चुटमधून २५ मीटर प्रतिसेकंदाने बर्फाचा खडा बाहेर आला तर समोरच्या माणसाचा डोळा जाईल.

थर्माकोल त्याहून वाईट. स्थिर विजेने सगळीकडे चिकटतो, रेडिएटरमध्ये ओढला जातो आणि उरलेला वारा कृष्णेत नेऊन टाकतो.

हे हेड मुळात कशासाठी होतं तेही प्रदर्शनाच्या फलकावर लिहा, कारण लोकांना वाटतं ही गाडी पुढे जाते आणि रनवे साफ होतो. तसं नसतं. ३००० मीटर लांब, ४५ मीटर रुंद रनवेवर नुसता १० सेंमी ताजा बर्फ पडला तरी साडेतेरा हजार घनमीटर, म्हणजे पावणेसातशे ते साडेतेराशे टन माल. तो आधी नांगर लावलेले ट्रक ढकलतात. एकामागे एक तिरक्या ओळीत, मध्यरेषेपासून कडेकडे, प्रत्येकाचं ब्लेड पुढच्याने सोडलेली ओळ थोडी झाकत. वारा आडवा असेल तर वाऱ्याच्या बाजूने सुरुवात करून एकाच दिशेने ढकलतात. कडेला ओळ साठली की ब्लोअर येतो आणि ती ओळ उचलून कडेच्या दिव्यांच्या पलीकडे फेकतो. ओळ तशीच सोडली तर दिवे झाकले जातात, आणि पंखाखाली लटकलेलं इंजिन किंवा प्रॉपेलर त्या ढिगाला लागू शकतो. शेवटी ब्रश.

रस्त्यावरच्या नांगराशी फरक इथेच आहे. मध्यरेषेचे दिवे फरसबंदीत जवळजवळ सपाट बसवलेले असतात, लोखंडी कड त्यांवरून ओढली तर दिवा आणि कड दोन्ही जातात. म्हणून रबर किंवा पॉलियुरेथेनची कड, नाहीतर कॅस्टर चाकांवर ब्लेड जरा उचललेलं. मीठ चालत नाही, ॲल्युमिनियम खातं. आधी युरिया वापरायचे, पुढे पोटॅशियम ॲसिटेट आणि फॉर्मेट आले. ब्रशची तुटलेली तार, सैल बोल्ट, उखडलेली खडी, यातलं काहीही जेट इंजिनात गेलं की संपलं. त्यामुळे तुमच्या हेडवरचा प्रत्येक बोल्ट लॉकनट किंवा कॉटर पिनसह हवा, नुसता स्प्रिंग वॉशर नको.

कोयना_डिझेल

सोव्हिएतांनी एक आडवाटेचा प्रकारही केला होता. मिग-१५ आणि १७ मधलं व्हीके-१ जेट इंजिन ट्रकवर आडवं बसवून त्याच्या गरम झोताने रनवेवरचा बर्फ वितळवायचे आणि उडवायचे. टीएम-५९ हे त्यातलं एक. पातळ बर्फावर झकास, जाड थरावर निव्वळ रॉकेल जाळणं. शिवाय वितळलेलं पाणी कडेला जाऊन पुन्हा गोठतं आणि काँक्रीटच्या सांध्यातलं सीलंट जळतं.

जुन्या अमेरिकन-कॅनेडियन गाड्या कुणाला वाचायच्या असतील तर क्लाउअरचं स्नोगो हेड, ऑशकॉश आणि एफडब्ल्यूडीच्या फोर-बाय-फोर चासी, वॉल्टरचा स्नो फायटर ही नावं शोधा. आर्थर सिकार्डने क्युबेकमध्ये १९२५ साली ट्रकवरचा ब्लोअर तयार केला आणि १९२७ मध्ये पहिला विकला. यातलं वॉल्टर मला सगळ्यात पटतं. चारही चाकांना पकडीप्रमाणे टॉर्क वाटणारे डिफरन्शियल त्यांनी दिले होते, त्यामुळे एक चाक घसरलं तरी नांगर थांबत नसे.

स्क्रू_पीच

दादा, उडवायला बगॅसिलो वापरा. तुमच्याच कारखान्यांकडे मिळेल, व्हॅक्यूम फिल्टरसाठी चाळून काढतात तो बारीक भुसा. साधा बगॅस वजनाला ताज्या बर्फाच्या जवळपास असला तरी नको, त्याचे लांब धागे रिबनच्या आऱ्यांना आणि बेअरिंगच्या सीलना गुंडाळतात. बगॅसिलोत लांब धागा नसतो. गिरणीतून आलेला पन्नास टक्के ओलाव्याचाच घ्या. सुकलेला नको, धूळ उडते आणि गरम सायलेन्सरजवळ पेट घेते. पाण्याचा पाइप हाताशी ठेवा.

एक ट्रॉली पुष्कळ झाली. मैदानावर दोन-अडीच मीटर रुंद आणि गुडघ्याच्या खाली उंचीची ओळ घाला, खाली ताडपत्री नको, ऑगर ती ओढून घेईल. रोटर अर्ध्या वेगावर, २५० वर चालवा. फेक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे अर्ध्या वेगाला पाव अंतर. लोकांना दिसायला तेवढं भरपूर आहे. चुटच्या दिशेला शेडनेट, आणि समोर व चुटच्या बाजूला ३० मीटरमध्ये कुणी नको. चालू असताना चुटमध्ये हात किंवा काठी घालून मोकळं करायचा नाद करू नका. इंजिन बंद, चावी खिशात, मगच. ऑगर दाबाखाली अडकलेला असतो आणि माल निघाला की इंजिन बंद असतानाही पाव फेरा झटक्यात फिरतो.

संपलं की पाच मिनिटं रिकामं चालवा. बर्फातही हेच करतात, नाहीतर रात्री रोटर केसिंगला गोठून बसतो आणि सकाळी पहिल्या झटक्याला शिअर बोल्ट जातो. तुमच्याकडे गोठणार नाही, पण ओला बगॅसिलो आंबतो आणि नवीन प्लेटला आठवड्यात गंज धरतो.

आपशिंगेकर

केसिंगचा ७ मिमीचा पोचा बाहेरून हातोड्याने काढू नका. आतून गोल साचा लावून जॅकने दाबा, हलकी उष्णता देऊन, मग रोटर बसवून चार ठिकाणी फिलर गेजने फट बघा. गिअरबॉक्समध्ये ईपी ९० भरा. हिमाचलात जाणार असेल तर ७५ डब्ल्यू ९०, नाहीतर थंडीत तेल डांबरासारखं होतं आणि सकाळी क्लच सोडताच चेनवर ताण येतो.

खालचे शू (हेड जमिनीवर ज्यांवर घसरतं ते पाय) गेलेत का ते लिहिलं नाहीत. गेले असतील तर १६ मिमी वेअर प्लेटचे बनवा, पुढची कड वर वळवलेली, आणि उंचीसाठी तीन भोकं ठेवा. रनवेवर १५-२० मिमी ठेवत, मैदानावर ४० ठेवा म्हणजे माती उचलणार नाही. हेड उचललेलं असताना सगळं वजन पुढच्या ॲक्सलवर येतं. प्रदर्शनापर्यंतच्या प्रवासात ते हायड्रॉलिक सिलिंडरवर लटकवत नेऊ नका. चासीवर वाहतुकीच्या लॉक पिनांची भोकं असतात, त्यांत २५ मिमी ईएन-८ च्या पिना आणि कॉटर घाला, टायरमधली हवा तपासा आणि ताशी तीसच्या वर जाऊ नका.

कुपवाड_फॅब

शू दोन्ही गेलेत, खालच्या प्लेटवर फक्त वेल्डचे डाग आहेत. १६ मिमी वेअर प्लेट शेडमध्ये पडलेली आहे, उद्याच कापायला घेतो. रोटरचं पातं पेनिट्रंटमध्ये मुळापर्यंत लाल दिसलं, त्यामुळे जोडीच बदलतोय. मिरजवाले साहेब, रोटर तुमच्याकडे पाठवताना शाफ्टसकट पाठवू की नुसता?

मिरज_बॅलन्सिंग

शाफ्टसकट, शाफ्टच्या खाचेतली चावी (की) आणि नट जागेवर घट्ट करून. बेअरिंगच्या जर्नलना ग्रीस आणि कापड गुंडाळा, टेम्पोत लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, पात्यांवर टेकवू नका.